डावखुरी घोडी

ताडकळस,
आषाढ वद्य अष्टमी, १९८८

प्रिय कस्तुरा,

तुझं कार्ड मिळालं. एवढंसं कार्ड आणि त्यात तीनदा विचारलंस, गाडी विकली का? माणसांची खुशाली शेवटी, तीही कोपऱ्यात तिरकी. तुझ्या दादांना वाचून दाखवलं तर त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. आता वाचता येत नाही त्यांना, तरी ठेवलं. तेव्हा आधी हेच सांगते, की घोडी अजून आपल्या गोठ्याशेजारीच उभी आहे. तो मुंबईचा शौकीन दसऱ्यानंतर न्यायला येणार असं ठरलं होतं, हे तुला ठाऊकच आहे. पण मधे बरंच घडलंय. मला थोडक्यात लिहिता येत नाही, म्हणून वहीचे कागद घेतलेत. दूध उतू जाणार नाही असं बघून मग वाचायला बस.

ती आली तो दिवस आठवतो ना? मामंजींनी यांना विहिरीवर बसवायचं ऑइल इंजिन आणायला हैदराबादला धाडलं होतं. आठवडा झाला तरी पत्ता नाही. आणि एक दिवस दुपारी असा काही आवाज आला की बैलांनी दावी तोडली आणि मी परातीतलं पीठ तसंच टाकून बाहेर आले. बघते तर पिकल्या मिरचीच्या रंगाची गाडी, लांबच लांब नाक, आणि नाकावर पळता घोडा. कुण्या डॉक्टरनं अमेरिकेहून बोटीनं आणलेली आणि इथं तिचे लाड परवडेनात म्हणून काढलेली. तुझे दादा खाली उतरले ते नवरदेवासारखे. मामंजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर टिचकी वाजवली आणि म्हणाले, "इंजिन आन म्हनलं, तर पोरानं इंजिनच आनलंय. भवती पत्रा जरा जास्त हाय, एवढंच." त्या दिवशी ते पुन्हा तिच्याकडं फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र बैलांच्या आधी तिला धुवायला लावलं.

तिचं खरं नाव मस्टँग. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ती घोडी झाली. मी तिला सवत म्हणायचे, तेही खोटं नव्हतं. पहाटे उठून माणूस आधी हिचं तोंड पुसतो आणि मग चहा मागतो, तर बायकोनं काय म्हणावं? पण कस्तुरा, खरं सांगू, मलाही तिचं वेड लागलं होतं. पूर्णेच्या सडकेवर रिकामा रस्ता मिळाला की हे जरासं पाऊल दाबायचे आणि ती आठ सिलिंडरं एकदम घुमायची, तेव्हा एका हातानं मी दार घट्ट धरायची आणि तोंडावर हसू. तू मागून ओरडायचीस, "दादा, अजून! अजून!" पेट्रोल तर अशी प्यायची की मामंजी म्हणायचे, "म्हैस असती तर एवढ्यात दूध तरी दिलं असतं." म्हणून तर वर्षातून मोजकेच दिवस बाहेर निघायची. निघायची तेव्हा सगळं ताडकळस बाहेर यायचं.

आणि तो चाकाचा घोटाळा! अमेरिकेची गाडी, तिचं चाक डाव्या बाजूला. आपल्याकडं ड्रायव्हर बसतो तिथं मी बसायची, डोक्यावर पदर, हात मांडीवर. बाजारात बोभाटा झाला की व्यंकटरावाची बायको मोटार चालवते, आणि तीही हात सोडून. शेजारच्या बायनाबाईनं तर खोदून खोदून विचारलं, "कसं करायलीस गं मनकर्णा? मंतर हाय का काय?" तू मेली मागून म्हणालीस, वहिनी नुसत्या डोळ्यांनी चालवते. बायनाबाईला ते पटलं! पालमच्या लग्नात बायकांनी मला विहिणींच्या आधी हळदीकुंकू लावलं, खण दिला, एक म्हातारी तर माझे हात उलटेपालटे करून बघत होती. मी नाही नाही म्हणत होते, पण ऐकतं कोण? लोकांना जे बघायचं असतं ते दिसतंच.

माळेगावच्या जत्रेतला तो घोड्यांचा व्यापारी आठवतो? खंडोबाला जायचं म्हणून नेली तर लोकांनी नाकावरच्या घोड्यावर भंडारा उधळला, सगळी गाडी पिवळी केली. तेवढ्यात हा फेटेवाला आला, चारी बाजूंनी निरखून गंभीरपणे म्हणाला, "जनावर लय देखनं हाय मालक, पर अंगावरचा केसांचा भोवरा कुठं हाय ते दावा." आणि यांच्या हातावर रुमाल टाकून रुमालाखाली बोटं दाबून भाव करू लागला. तुझ्या दादांनीही तोंड गंभीर ठेवून उलट बोटं दाबली. तू हसून हसून मागच्या सीटवर आडवी झालीस. परत येताना पंखा फिरवणारा पट्टा तुटला, तेव्हा त्या घोडेवाल्यानंच खोगिराची वादी कापून दिली, आणि तिच्यावर आपण घरापर्यंत आलो.

तुझं लग्न होऊन तू जिंतूरला गेलीस आणि मग घोडीला खरं काम मिळालं. दर पंचमीला तुला माहेरी आणायला मुराळी कोण, तर तुझा भाऊ, आणि तोही आठ सिलिंडरं घेऊन. तुझ्या सासूबाई म्हणायच्या म्हणे, "आमच्या सुनंला न्यायला भाऊ येतो का फौज येते?" पंचमीच्या आधी चार दिवस हे नुसते तिला पॉलिश करत बसायचे. म्हणून यांचे डोळे गेले तेव्हा त्यांना शेताचं वाईट वाटलं नाही, वाचनाचं वाटलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, म्हणाले आता उजेड आणि सावली एवढंच राहील. रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना यांनी मला एकच विचारलं, "आता कस्तुराला कोन आनील?" मी म्हटलं, दिनकर आणील, आपला मुलगा एवढा मोठा झालाय. आणि दिनकर एसटीनं आला तर तू त्याला जेवू घातलंस, टोपी दिलीस आणि माघारी लावलंस. दादा येईल तरच येईन! इकडं दादांचं म्हणणं, आंधळ्याला कुठं मुराळी करतात? तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. तीन पंचम्या तुझा झोका रिकामा लटकला आणि मधल्या मधे मी पुरणाची दिंडं उकडत बसले.

त्यानंतर त्यांनी गाडीचं नावच टाकलं. ताडपत्री घातली. पूर्णेहून एक ट्रकवाला तिला चालवायला बोलावला होता, तर तो सवयीनं उजव्या दारातून आत शिरला आणि चाक कुठाय म्हणून विचारू लागला. त्याला तिथूनच वाटेला लावलं. दिनकर म्हणतो मारुती घेऊ. अरे, मारुती आपल्या घोडीच्या नाकात मावेल! पण हे त्यालाही हसले नाहीत, आणि मुंबईच्या माणसाला होकार कळवला. मला गाडी जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून भीती वाटायची ती यांची. बाजेवर तासन् तास बसलेले असायचे, तोंड गोठ्याकडं. गाडी गेली की हा माणूसही उठणार नाही, असं मला वाटू लागलं होतं.

तर झालं असं, की गिऱ्हाईक येईपर्यंत बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सकाळी गाडी चालू करायची, असं यांनीच सांगितलं. नुसती चालू करायची आणि बंद करायची. मी डावीकडं बसायची, हे ओट्यावरून ओरडायचे, "गळा भरलाय तिचा, जरा दम दे. हां, आता बोलाय लागली." एके सकाळी मी काय केलं देव जाणे, कुठला दांडा कुठं ढकलला, आणि घोडीनं उडी मारली ती थेट कडब्याच्या गंजीत. कोंबड्या चारी दिशांना. मी स्टिअरिंगला मिठी मारून खंडोबाचा धावा करतेय आणि बाहेरून आवाज येतोय. मला वाटलं हे चिडले. तर हे काठी टाकून पोट धरून हसत होते. कस्तुरा, तीन वर्षांनी हसले गं! मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग चाचपडत आले, उजवं दार उघडून बसले आणि म्हणाले, "आता जाती कुठं, चल शिकवतो."

कसं शिकवलं ते ऐक. चाक माझ्या हातात, खालची तिन्ही पेडलं माझ्या पायांशी, आणि गिअरचा दांडा मधे, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताशी. माझं लक्ष रस्त्यावरून हललं की गाडी भलतीकडं जाते, आणि मला इंजिनाचं काही कळत नाही. त्यांना रस्ता दिसत नाही, पण इंजिन ऐकू येतं. ते म्हणतात "दाब", मी क्लच दाबते, ते गिअर टाकतात, म्हणतात "सोड". मी म्हणते पुढं म्हशी आहेत, ते म्हणतात "हळू, दाब." आधी शेतातल्या आखाड्याच्या गाडीवाटेला, मग कॅनॉलच्या कडेनं, मग सडकेवर. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्हा दोघांचं एवढं एकमत आजवर कशात झालं नव्हतं. परभणीला जाऊन शिकाऊ परवानाही काढलाय, पुढं-मागं लाल एल लावलाय. शेजारी लायसनवाला माणूस पाहिजे असा नियम आहे म्हणे. मग आहे की, यांचं लायसन अजून चालू आहे!

गेल्या बाजारी आम्ही गावातून गेलो. मी डावीकडं, घामाघूम, दात आवळून चालवतेय. माझ्याकडं बघतंय कोण? सगळ्यांच्या नजरा उजव्या खिडकीकडं. "मालक, लय दिसांनी! डोळे उघडले जनू!" यांनी नाही म्हटलं नाही. मिशीवरून हात फिरवला आणि चालत्या गाडीत दोन्ही हात जोडून सगळ्या बाजाराला नमस्कार केला. बायनाबाई किंचाळली, "अगं बाई, हे बी हात सोडूनच चालवायलेत!" इतकी वर्षं न चालवता नाव माझं झालं, आता घाम माझा आणि नाव त्यांचं. होऊ दे. घरी आल्यावर ते तीन भाकरी जेवले, आणि हात धुता धुताच मला म्हणाले, मुंबईच्या माणसाला कार्ड टाक, घोडी विकायची नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. पंचमीच्या दोन दिवस आधी, सकाळच्या गार वेळात आम्ही निघतोय. दादा आला तरच येईन म्हणाली होतीस ना? येतोय तुझा मुराळी, नवा फेटा रंगवून ठेवलाय. पण एक अडचण आहे, ती जावईबापूंच्या कानावर घाल. आम्हाला गाडी अजून मागं घेता येत नाही. मागं वळून बघितलं की माझं चाक चुकतं, आणि यांना तर मागचं-पुढचं सारखंच. तेव्हा तुमच्या वाड्यातली बैलगाडी आणि खताची पोती त्या दिवशी हलवून ठेवा, म्हणजे आत येऊन गोल फिरता येईल. नाहीच जागा झाली तर गाडी सडकेवरच राहील आणि हे चालत तुझ्या दारात येतील. रस्ता माझ्या खांद्यावर हात ठेवून काढतील, पण तुला हाक ते स्वतःच मारणार आहेत, मी मारायची नाही असं बजावलंय. बांगड्या भरून, पिशवी बांधून तयार राहा. आणि परत निघताना गाडी मागं घ्यायची वेळ आलीच, तर मागच्या सीटवरून बघून सांगायला आता तू आहेसच.

तुझी वाट बघणारी, तुझीच वहिनी,
मनकर्णा