फ्यूजमधली जाड तार

भाऊ, त्या सकाळी मी तुमच्या आधी पोचलो. आरमोरीच्या बसस्टँडमागे नाणं टाकून खेळायच्या खेळांचं दुकान होतं, तिथे नागपूरहून जुनं पिनबॉल मशीन आलं होतं आणि मालकानं ते दुरुस्त करायला तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही मोटारी रिवाइंड करणारे नावाजलेले मिस्त्री, मी तिशीचा, सात वर्षांपासून तुमच्या हाताखाली. काचेखालची फळी उचलून मी आत पाहिलं. बटण दाबलं की गोळी उडवणारा डावा दांडा उठायचा आणि फ्यूज जायचा. उजवा नीट चालत होता. दोन्ही बाजू ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की दांडा पूर्ण उठला की एक पितळी पट्टी उघडते आणि कॉईलमधला जोराचा करंट तुटतो. डावीकडची पट्टी वाकून चिकटली होती. सुक्या काडीनं ती दूर धरली, तर फ्यूज टिकला.

तुम्ही आल्या आल्या मी ते सांगितलं. मालक चहाचा कप घेऊन बाजूलाच उभे होते, तीच माझी चूक. आपल्या धंद्यात गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीच्या आधी फॉल्ट सांगायचा नसतो.

"तू मले शिकवून राह्यला काय बे?" तुम्ही म्हणालात. "इथी व्होल्टेजचा भरोसा नाई. फ्यूजच कमजोर आहे."

मालक हसले. "भाऊ, चेला तो उस्तादच्या पुढे गेला ना!"

त्या हसण्यानं तुमचा चेहरा बदलला. मला अजून दिसतं: तुम्ही पिशवीतून वायरचा तुकडा काढता, तांब्याचे चार पदर पिळता आणि फ्यूजच्या जागी बांधता, म्हणजे तो उडायलाच नको. शेतातल्या पंपांवर आपण हेच करत आलो होतो, कारण फ्यूज गेला की पाणी थांबतं आणि लोक आपल्याला शिव्या देतात. मी हळूच म्हणतो, "भाऊ, कॉईल जळून जाईन." तुम्ही वर पाहत नाही.

दुपारी कुणीतरी बटण दाबून धरलं. आधी धूर निघाला, मग आतल्या लाकडानं पेट घेतला. मालकानं तार ओढायला हात घातला आणि त्यांचा तळवा भाजला, दोन बोटं कायमची वाकली. लोक जमले. मालक ओरडले, "तार किसने बांधी?" तुम्ही माझ्याकडे बोट केलं. "यानं. मी नाई म्हणून राह्यलो होतो." मी गप्प राहिलो. देवाला स्मरून सांगतो, भीतीनं नाही, सवयीनं.

त्यानंतर एकाही राईस मिलनं मला उभं केलं नाही. सावली गावच्या बाजारातसुद्धा "आग लावणारा आला" म्हणून हसायचे. शेवटी चंद्रपूरला येऊन दुसऱ्यांच्या दुकानात पंखे दुरुस्त करत राहिलो. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात, मी खांदा द्यायला आलो. तुम्हाला मूलबाळ नव्हतं, म्हणून दर पितृपक्षात बापाच्या पानाशेजारी तुमचंही पान वाढलं. हात जोडताना मन कडू व्हायचं, तरी जोडले.

या उन्हाळ्यात मालक चंद्रपूरच्या दवाखान्यात भेटले, पार थकलेले. इतक्या वर्षांनी मी म्हटलं, "चाचा, ते तार मी नव्हती बांधली."

"मालूम है बेटा. तुझा मिस्त्री दुसऱ्याच दिवशी घरी आला होता. पाय धरून रडला."

"मग कोणाले सांगितलं काऊन नाई?"

"त्यानं कसम घातली. अन् तू तरी कुठी बोलला?"

त्यांच्यावर मला राग नाही आला. पण भाऊ, त्यांच्या घरी जाताना तुम्ही माझ्या दारावरूनच गेला असाल, दुसरा रस्ता नव्हता. त्यांच्यापाशी जाऊन रडायला तुम्हाला पाय होते, माझ्यापाशी थांबायला नव्हते. तुम्ही तार बांधली, बोट माझ्याकडे केलं, ते मी कधीच विसरलो असतो. हे मात्र देवापुढे बसलो तरी सुटत नाही. हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.

काल सर्वपित्री अमावास्या होती. मी एकच पान वाढलं, बापाचं. बायकोनं विचारलं, "मिस्त्रीभाऊचं पान काऊन नाई?" मी म्हटलं, "भात कमी पडला." पातेलं अर्धं भरलेलं तिला दिसत होतं; तिनं त्यावर झाकण ठेवलं. तिला अजूनही वाटतं, ती तार मीच बांधली होती.