आईच्या कपाटाला निळा रंग

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. रीत म्हणून लिहिले. मनात सध्या आशीर्वाद नाही.

आतेबहीण तुझ्याकडे बाबांना बघून आली. तिच्याकडून कळलं, आईच्या कपाटाला तू निळा चॉक पेंट फासते आहेस. गिऱ्हाइकांची सुतारकामं उरकून, अकरा महिने खपून बाबांनी ते आईसाठी घडवलं. एक खिळा नाही त्यात. आणि तू त्याची बालवाडीची भिंत करून टाकलीस! विचारायचं तरी. पण तुला ती सवय होती कधी?

रविवारी टेम्पो पाठवते. कपाट निमूट परत दे.

लोभ शिल्लक ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा वर्षं ते कपाट तुझ्या मागच्या गॅलरीत गंजक्या सायकलीला टेकू देत उभं होतं. पाय कुजले, दारं फुगली. ही अडगळ घेऊन जा, असं तूच फोनवर बजावलंस. तेव्हा आई आठवली नाही?

चॉक पेंटला फार घासावं लागत नाही. धुवायचं, पुसायचं, दोन हात मारायचे, वर मेण. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचं सगळं मी एकटी करते. त्यातून तासभर मिळतो, तो मी यात घालवते. चार महिन्यांत ते एक शब्द बोललेले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तू एकदा आलीस आणि चहा गार व्हायच्या आत निघालीस.

कपाट मिळणार नाही. रागाने रक्तदाब वाढतो, तेवढं जपावे.
धाकटी

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. टेम्पो रिकामा आला म्हणून थयथयाट करशील, त्याआधी हे वाच.

कपाट बाबांच्या खोलीत हलवलं होतं, तिथे उजेड चांगला. दुसरा हात मारत होते, तर पाठीमागून कुणीतरी मला गाढव म्हणालं. बाबा! बाकीचे शब्द बोबडे, पण शिवी स्पष्ट. लाकडाच्या रेषा उभ्या असताना ब्रश आडवा कोण मारतं, असं विचारत होते. मी तिथेच फतकल मारून रडले. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पॉलिश पेपर मागितला. उजवा हात हलत नाही, म्हणून डाव्याने. रोज अर्धा तास खुर्चीत बसून माझा रंग खरवडतात. आत्तापर्यंत वीतभर लाकूड उघडं पडलंय.

कपाट इतकी वर्षं कुठे होतं, तेही विचारलं. मी खरं ते सांगितलं. तुझी बाजू सावरायचा माझा विचार नव्हता.  त्यावर बाबा म्हणाले, वरच्या फळ्यांना माझा हात पोचत नाही, थोरलीला बोलव.

ते बोलवताहेत. मी नाही.
धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. रविवारी सकाळच्या गाडीने येते. आठ दिवस राहीन. तुझ्याशी गप्पा मारायला येत नाही, हे लक्षात असू दे.

उतरले की थेट त्यांच्या खोलीत जाईन. तू मध्ये येऊ नकोस, माझ्या वतीने काही सांगूही नकोस. त्यांना शिव्या द्यायच्या असतील तर देऊ देत. चार महिने झाले, मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही.

ताई