दादाचं हवेवालं इंजिन

धरमपेठ, रविवार, १४ मे १९७८

आज दादाच्या गाडीला इंजिन मिळालं. आनंद व्हायला हवा होता.

परदेशी मासिकातल्या चित्रावरून दादानं आमच्या शेडमध्ये ती स्पोर्ट्स कार पत्रा ठोकून ठोकून उभी केली. तिचं तोंड इतकं निमुळतं की रेडिएटरला जागाच नाही. म्हणून हवेवर थंड होणारंच इंजिन पाहिजे, हा त्याचा हट्ट. "नागपूरच्या उन्हात पाणी उकळते. हवा उकळते का गा?" असं सगळ्यांना ऐकवायचा. आज कबाड्याकडे तसं एक सापडलं, जुन्या जर्मन गाडीचं. शेजारी पाण्यावालंही पडलं होतं, टॅक्सीत असतं तसलं.

दादा धंतोलीच्या दवाखान्यात दाखल आहे; तिथे जाऊन त्याला सांगितलं. वाटलं, उठून बसेल. तो पडल्या पडल्याच म्हणाला, "पाण्यावालं घे गा. तोंड कापून टाक, रेडिएटरची जाळी बसव."

त्या तोंडाला तो मला बोटसुद्धा लावू देत नव्हता!

"काहून?" मी विचारलं.

"पाण्यावालं कोनताबी मिस्त्री खोलते. हवेवालं बिघडलं तं तुले कोन करून देईन?"

म्हणजे त्याला माहीत आहे. डॉक्टरांनी फक्त मलाच सांगितलं, असं मी समजत होतो.

येताना हवेवालंच हातगाडीवर टाकून आणलं. शेडमध्ये त्या तोंडावरून हात फिरवत उभा राहिलो. चूक केली का? असेल.

बिघडन तं बिघडन. दुरुस्त कराले दादाले घरी यावंच लागन.