म्हैस गेली, आता व्यायाम

१६ जानेवारी
चंद्री गेली. सकाळी मेहुणा महारुद्र राणीसावरगावहून पिकअप घेऊन आला. त्यानं ओढलं, मी मागून ढकललं, म्हैस काही चढेना. शेवटी मी पुढं होऊन कानामागं खाजवलं, तेव्हा चढली. गाडी वळेपर्यंत ती माझ्याकडंच बघत होती म्हणे. मी बघितलं नाही. मला आत काम होतं.

निर्णय योग्य आहे. माझी बायको चतुरा जाऊन तीन महिने झाले आणि म्हैस हा तिचा नाद होता. मी वायरमन म्हणून रिटायर झालो आणि आठवड्याच्या आत तिनं म्हैस दारात आणून बांधली. तेव्हापासून पहाटे उठा, शेण काढा, कडबा तोडा, ओढ्यावर न्या, धार काढा, घरोघर रतीब घाला. जन्मभर खांबावर चढलेल्या माणसाला स्वतःच्या तब्येतीसाठी अर्धा तास मिळू नये?

आता वेळच वेळ. माझ्या वयाचा इतका फिट माणूस सोनपेठात दुसरा सापडणार नाही. उद्यापासून सुरुवात.

१७ जानेवारी
पहाटेच जाग आली. चप्पल घालून गोठ्यापर्यंत गेलो, मग लक्षात आलं. परत येऊन झोपलो. व्यायामाला झोप पुरेशी लागते.

१९ जानेवारी
पुण्याहून निकिताचा फोन. बाबा, बसून राहू नका, रोज चालत जा, म्हणाली. मी म्हणालो, सुरू केलंय. ठरवलंय म्हणजे सुरूच झालं. ती चालायचे बूट पाठवणार आहे. बूट येईपर्यंत थांबणंच शहाणपणाचं. साध्या चपलेवर चालून पाय बिघडला तर?

२९ जानेवारी
बूट आले. डावा जरा चावतो. सवय व्हावी म्हणून घालून टीव्ही बघितला. दुपारी तसेच घालून झोपलो.

४ फेब्रुवारी
कोपऱ्यावरचा बन्सीधर पोस्टातून रिटायर झालाय. रोज सकाळी परळी रोडनं फिरायला जातो. माझे बूट बघून म्हणाला, आबासाहेब, चला की. गेलो.

त्याची चालण्याची पद्धत चुकीची आहे. एकदम जोरात निघतो, दम राखत नाही, वर बोलत राहतो. मी मुद्दाम मागं राहिलो. पहिल्या वळणावर मला आठवलं की गॅस चालू राहिला असेल. परत आलो. गॅस बंद होता, पण खात्री केलेली बरी.

८ फेब्रुवारी
बन्सीधरनं हाक मारली. सर्दी आहे म्हणून सांगितलं.

९ फेब्रुवारी
पुन्हा हाक. सर्दी.

१५ फेब्रुवारी
बन्सीधर आता हाक मारत नाही. बरं झालं. माझा व्यायाम मी माझ्या पद्धतीनं करणार.

२ मार्च
बाजारात सुलाबाई भेटली. म्हातारी एकटीच राहते, आपल्याकडून दूध घ्यायची. आबासाहेब, तुमी दिसंनाच झालात, म्हणाली. पिशवीचं दूध घ्यायलेय, पन पिशवी बोलत न्हाई की वो. मी म्हणालो, व्यायामातून वेळ मिळत नाही.

घरी येऊन आठवून बघितलं. या आठवड्यात, फोन सोडला तर, माझं कुणाशी हे पहिलंच बोलणं.

११ मार्च
गुडघे. खाली बसलो की उठताना भिंत धरावी लागते. हा हवेचा परिणाम.

१३ मार्च
गंगाखेडला डॉक्टरकडं गेलो. पोरगाच आहे, नवीन दवाखाना टाकलाय. त्यानं विचारलं, आधी रोज काय हालचाल असायची? मी सांगितलं, काहीच नाही, व्यायामाला सवडच नव्हती. म्हैस होती ना. मग दिवसभर काय करायचात? सगळं सांगितलं. कडबा, शेण, ओढा, धार, रतीब. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, काका, अहो हाच व्यायाम होता. तुमचे गुडघे झिजले नाहीत, बसून आखडलेत. घरात दुसरं कोण आहे? कुणी नाही म्हणालो. मग त्यानं पेन उचललं आणि गोळी लिहून दिली.

नवीन आहे अजून. काम वेगळं आणि व्यायाम वेगळा, हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

३० मार्च
पाडवा. चतुरा असताना गुढी मी बांधायचो आणि ती खालून तिरकी झाली, तिरकी झाली करायची. सुतक कधीच फिटलं, तरी यंदा उभारली नाही. गच्चीचा जिना चढायचा कंटाळा आला. कंटाळाच, दुसरं काही नाही. दुपारी निकिताला सांगितलं, उभारली, सरळ आली.

१७ एप्रिल
ऊन फार. या उन्हात चालणं म्हणजे जिवाशी खेळ. पाऊस पडल्यावर बघू. सध्या खुर्चीत बसून पाय हलवतो. मधे मधे.

२२ एप्रिल
संध्याकाळी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. नवीन आणला आणि स्टूल ठेवला. एक पाय वर गेला, दुसरा येईना. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, फडताळाला धरून. मग पाय खाली घेतला.

तीस वर्षं खांबावर चढलो. पावसात चढलो. लायनीवर झाड पडलं की साहेब म्हणायचे, आबासाहेबला बोलवा.

स्टूल डुगडुगतो. नवीन स्टूल आणावा लागेल. तोवर टीव्हीच्या उजेडात जेवण होतं.

५ मे
बराच विचार केला. चंद्रीला तिकडं ठेवणं महारुद्रवर अन्याय आहे. त्याला शेती, पोरं, वर ही म्हैस. आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं माझ्या स्वभावात नाही. त्याचा भार हलका करावा म्हणून चंद्री परत आणायची. माझ्यासाठी नाही.

गोठा झाडला. अर्धा. दम लागला, धूळ होती.

१० मे
राणीसावरगावला आलो. स्टँडवरून घरापर्यंत चालतच जायचं ठरवलं होतं. अर्ध्या वाटेत एका पारावर टेकलो तो टेकलोच. महारुद्र मोटरसायकलवर शोधत आला. दाजी, फोन तरी करायचा, म्हणाला. मी म्हणालो, गाव बघत होतो.

चंद्रीचं अंग चकचकीत झालंय. मला बघून कान हलवले. ओळखलं. महारुद्रची बायको सविता बादली घेऊन धारेला निघाली होती. मी म्हणालो, आण, आज मी काढतो. बादली घेतली आणि उकिडवा बसायला गेलो. बसलो की पडलो ते सांगता येणार नाही, पण खाली होतो. दोन धारा आल्या. मग पाय बधिर झाले. उठता येईना. चंद्री हलली नाही, एवढी मोठी म्हैस, पाय उचलला असता तर काय झालं असतं. सवितानं एका बाजूनं धरलं, महारुद्रनं दुसऱ्या.

चहा झाल्यावर मी विषय काढला. म्हणालो, चंद्रीचं तुमाला ओझं होत असंल. महारुद्र म्हणाला, ओझं कशाचं दाजी, घर दुधावर चाललंय. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, तुमाला न्यायचीय का? न्या की. तुमचीच हाय. पन झेपंल का आता?

मी हसलो. म्हणालो, छे, मी आपलं सहज बघायला आलो.

सविता भांडी आवरत होती. ती म्हणाली, वन्संला दुधाचा वासबी चालत न्हवता, तरी म्हैस घेतली. मी इचारलं तर म्हनल्या, हे घरात बसले की बसूनच ऱ्हातेत. म्हैस कुनाला बसू देत न्हाई.

हे मला माहीत नव्हतं. चतुरा दुधाचा चहा पीत नव्हती हे माहीत होतं. पित्तामुळं, असं मला वाटायचं.

११ मे
महारुद्रनं स्टँडवर सोडलं. सवितानं बरणीभर दूध दिलं, चंद्रीचं. बसमध्ये मांडीवर धरून आणलं. घरी यायला संध्याकाळ झाली. दूध तापवायला पाहिजे. उरलेल्याला विरजण लावता येईल, पण विरजण कुणाकडून तरी आणावं लागेल. म्हणजे बन्सीधरच्या घरापर्यंत चालणं आलं, आणि इतक्या दिवसांनी दारात जाऊन काय म्हणायचं. आज प्रवास बराच झालाय. सकाळी बघू.

१२ मे
दूध नासलं. मोरीत ओतलं.

निकिताचा फोन आला. बाबा, आज चाललात का, विचारलं. हो म्हणालो.