पाय धरला

ता. २, सोमवार

आज खोली ताब्यात मिळाली. खाणीच्या दवाखान्याला लागूनच आहे. मधलं दार उघडलं की मी कामावर, लावलं की घरी. खिडकीतून खाणीचं तोंड, माणसं नेणारा पिंजरा खालीवर करणारं मोठं चाक आणि कामगारांच्या घरांची रांग दिसते. रांगेतलं शेवटचं, निळ्या दाराचं घर माझ्या लेकीचं. तिनं आधीच येऊन खोली झाडली होती, पाणी भरून ठेवलं होतं. वर मलाच दटावलं की बाबा, एवढ्याशा सामानात कोणी संसार मांडतं का. म्हटलं, तुझी आई गेल्यावर संसार कसला, बिऱ्हाड म्हण.

खरं तर तिच्यासाठीच ही मलमपट्टीची, ड्रेसरची जागा मागून घेतली. जावई खाली कामाला उतरतो. त्याचा डावा गुडघा दोनदा सुजून गेला, तरी गडी खाण सोडायचं नाव काढत नाही. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील, असं लेकीचं म्हणणं. सासऱ्याचं ऐकणारा जावई मी अजून पाहिलेला नाही, पण बघू. देवाकडे सध्या माझं एवढंच मागणं आहे, की जावयानं आपल्या दोन पायांवर या खाणीतून कायमचं बाहेर पडावं.

संध्याकाळी तो भेटायला आला. मामा आले, आता आमच्या पायांना घरचा माणूस मिळाला, म्हणून हसला. चांगला मुलगा आहे.

ता. ५, गुरुवार

काम अंगवळणी पडतंय. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस मीच. मला वाटलं होतं फुटलेली डोकी येतील, पण येतात ते पायच. जिथं छत बुटकं आहे तिथं माणसं गुडघ्यांवर रांगतात, म्हणून गुडघ्यात पाणी होतं. रुळांमधल्या फळ्या ओल्या, त्यावर घोटा मुरगळतो. छताला लावायचा लाकडी टेकू हातातून सुटला तर पायाची बोटं चेचतात. बूट बहुतेक एकाच मापाचे आलेत. लहान पायाची माणसं आत चिंध्या कोंबतात आणि टाचेला फोड घेऊन माझ्याकडे येतात.

पाय हा अवयव मला लहानपणापासून आवडतो. सगळा भार उचलतो आणि कधी पुढे पुढे करत नाही. देवळातही माणूस देवाच्या पायाशीच जातो, तोंडाशी नाही.

मुकादम रोज डोकावतो. अंगानं जाड, स्वभावानं थट्टेखोर. उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे बसला की पाय बंदुकीसारखा समोरच्यावर रोखलेला. म्हणाला, ड्रेसरसाहेब, इथं डोकं चाललं नाही तरी चालतं, पाय चालले पाहिजेत.

एक गंमत. काय झालं विचारलं की काही जण एवढंच सांगतात, पाय धरला. मान धरते, पाठ धरते, तसाच पाय धरला असणार, म्हणून मी पोटरी शेकायला घेतली. रांगेतले सगळे खाली बघायला लागले. मुकादम हसला खरा, पण मग म्हणाला की शेकून सुटणारं धरणं नव्हे ते.

ता. ९, सोमवार

आखडलेल्या पायावर वळ उठत नाहीत. आज आलेल्या पायावर होते.

तरणाबांड माणूस, घोटा सुजून टम्म. सूज उतरावी म्हणून पाय वर ठेवला तेव्हा दिसलं. पावलाच्या वरच्या बाजूला दोन जाड डाग, आणि टाचेमागे बारीक डागांची ओळ. बुटाची वादी काचली असेल म्हणून बूट मागवून पाहिला, वादी तिथं येतच नाही. मग सहज मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि पाऊल दोन्ही हातांत धरलं. माझे अंगठे त्या जाड डागांवर बसले, बोटं टाचेमागच्या ओळीवर.

मागून ओढणाऱ्याची बोटं अशी पडत नाहीत. समोर पालथं पडून गयावया करणाऱ्याची पडतात.

त्यानं पाय असा हिसकला की पट्टीची गुंडाळी लांब जाऊन पडली. नंतर माफी मागितली. म्हणाला, खालची सवय आहे.

ता. १०, मंगळवार

मुकादमाला गाठलं. आधी त्यानं थट्टेवर नेलं, मग पाय लांब करून भिंतीला टेकून बसला आणि सांगितलं.

जुन्या बोगद्याचं छत पूर्वी एकदा बसलं होतं. कमरेखाली चिरडलेली माणसं जिवंत होती. सुटून पळणाऱ्यांचे त्यांनी पाय धरले. अक्षरशः पाय धरले, आम्हाला टाकून जाऊ नका म्हणून. पळणाऱ्यांनी पाय झटकले. वरून आणखी दगड येत होते, दुसरं करणार काय? पुढे तो बोगदा बुजवला आणि शेजारून नवा काढला. तेव्हापासून नव्यात अधूनमधून कुणाचा तरी पाय धरला जातो.

त्याचा एकच नियम. धरलं की ओढून घ्यायचा, घोटा मुरगळो, गुडघा निखळो. पण तोंडातून शब्द काढायचा नाही. पाय धरणाऱ्याशी बोललं की शब्द दिल्यासारखं होतं, आणि दिलेला शब्द ते सोडत नाहीत.

मला हे पटलं असं नाही. पण जावयाचा गुडघा कसा सुजला ते तेव्हाच कळलं. रात्री जेवताना त्याला म्हटलं, सोडा ही खाण. तो म्हणाला, मामा, तिथं फक्त गप्प बसायचं असतं, आणि त्याची तालीम तुमची लेक घरी रोज करून घेते. लेक हसली नाही. उठून भांडी घासायला गेली. जावई मग हळू आवाजात म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

ता. १३, शुक्रवार

जमेल तसं लिहितो.

सकाळच्या पाळीत निरोप आला, जावयाचा पाय अडकला आहे, पिशवी घेऊन खाली या. मी पहिल्यांदाच पिंजऱ्यात चढलो. खाली उतरल्यावर बराच वेळ वाकून, मग रांगत. बोगद्याच्या भिंतीतले दगड ढासळले होते. मागे जुना बोगदा, काळा. जावई रुळाजवळ पडला होता आणि उजवा पाय घोट्यापर्यंत दगडांच्या फटीत. दोघं जण त्याला काखेत धरून ओढत होते. कोणी अवाक्षर काढत नव्हतं. त्याच्या घामाचे थेंब पडलेले ऐकू येत होते.

काय रुतलंय पाहावं म्हणून मी फटीत हात घातला. पायावर दगड नव्हताच. बोटं होती. गार, ओल्या चामड्यासारखी.

मी देवाचं नाव मनातच घेतलं आणि एकेक बोट उकललं. घोटा कटकन वाजला आणि पाय सुटला. जावयाला झोळीत घालून त्या दोघांनी पुढे नेलं, मुकादम दिवा घेऊन त्यांच्या पुढे. मी पिशवी उचलली, निघालो, आणि निघता आलं नाही.

माझे दोन्ही पाय धरले होते. ओढत नव्हतं कोणी. नुसते धरले होते. मग बुटांच्या टोकांवर भार आला. कपाळ टेकल्यावर येतो तसा.

वयानं लागलेली सवय. कोणी पायांशी वाकलं की विचार करायच्या आत जीभ हलते. मी म्हणालो, ऊठ बाबा, ऊठ.

लगेच सोडलं.

पुढचे सगळे दिवे थांबले. मुकादम वळला, माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

ता. १४, शनिवार

जावयाचा घोटा मोडला आहे. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. त्यानं स्वतःच सांगितलं की आता खाली जाणार नाही. भावाच्या दुकानात बसेन, गुरुवारच्या गाडीनं निघू. लेक पदरात तोंड खुपसून रडली, मग रडता रडता बांधाबांध करायला लागली. माझं मागणं देवानं ऐकलं म्हणायचं.

माझे पाय गार पडलेत. खालची ओल असेल.

ता. १६, सोमवार

ओल नव्हे. घोट्याखाली काही कळत नाही. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही.

पण बोटं हलतात. मी हलवत नाही. नवा बूट घालून पाहावा तशी एकेक हलतात, ताणतात, मिटतात. मी बसून बघत राहतो. माझेच पाय, आणि मी पाहुणा.

मुकादम आला होता. उंबरा ओलांडला नाही. दारातूनच म्हणाला की पाय धरणाऱ्याला ऊठ म्हटलं म्हणजे त्याचं ऐकलं. आता ते उठणार. पण ज्याचे पायच चिरडले ते उठणार कशावर? एवढं बोलून माझ्या पायांकडे बघत उभा राहिला.

जाताना बजावलं. एकदा म्हणालात तेवढ्यानं पावलं दिलीत. तो शब्द पुन्हा तोंडातून गेला तर ते सबंध उभं राहील. कुणालाही म्हणू नका. सवयीनंसुद्धा नाही.

ता. १७, मंगळवार

बोलणं बंद केलं. जिभेचा भरवसा नाही. लेकीला वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं की मौन धरलं आहे. ती म्हणाली, देवाशी भांडलात का बाबा? मग कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नाही.

आता तिनं हट्ट धरला आहे. तुम्हाला असं टाकून जाणार नाही, गुरुवारची गाडी जाऊ दे. जावई म्हणतो, राहायचंच असेल तर प्लास्टर निघाल्यावर परत खाली जावं लागेल, खायचं काय? म्हणजे मीच त्यांचे पाय अडकवून बसलो आहे.

दुपारी झाडू मारायला उभा राहिलो तर पाय खाणीकडे तोंड करून वळले. झाडू एका बाजूला, मी एका बाजूला. खुर्चीला धरून बसलो.

ता. १८, बुधवार

मी दुपारी पडलो होतो. डोळा लागला. जाग आली तेव्हा लेक पायथ्याशी बसून माझ्या तळव्यांना कोमट तेल चोळत होती. मला कळलंच नव्हतं. कळणार कसं.

ओरडता येईना. तिला हातानं ढकललं. तिला वाईट वाटलं.

दिवेलागणीला ती लंगडत आली. उंबऱ्यात पाय मुरगळला म्हणाली. मी पाहिला. दोन जाड डाग वर. टाचेमागे ओळ.

ज्यानं या पायांना हात लावला —

उद्या गेलीच पाहिजे. लिहिलं, मी रविवारी येतो. ती नाही म्हणाली. मग लिहिलं, लेकीच्या दारात तुकडे मोडायला मी येणार नाही, तू जा, मला तुझी गरज नाही. असं तिला जन्मात कधी बोललो नव्हतो. वाचून गेली. येताना आली होती त्यापेक्षा जास्त लंगडत.

देवा, तिला रागावू दे. पण जाऊ दे.

ता. १९, गुरुवार

सकाळ. पट्ट्यांनी दोन्ही पाय खाटेच्या खुरांना बांधले. चांगल्या गाठी. आयुष्यभर तेच केलं आहे.

तोंडावरही एक पट्टी.

बोटं गाठी चाचपताहेत. पायाची बोटं.

गाडी आली, निळ्या दारापुढे उभी आहे. खिडकीतून दिसते. जावई कुबडीवर. मुकादम त्याला हात देऊन वर चढवतो आहे. चढला. दोन पायांवर गेला — देवा, तुझे उपकार.

ट्रंक वर टाकली. लेक चढली.

एक गाठ सुटली.

गाडी सुरू झाली. धूर —

थांबली. का थांबली?

ती उतरते आहे. नको. मुकादम आडवा झाला, काहीतरी सांगतो आहे. ती ऐकत नाही. कुणाचं ऐकलं आहे तिनं कधी. बापाच्या पाया न पडता कशी जाऊ, असंच म्हणत असणार. माझीच शिकवण.

दुसरी गाठ

मोठ्या अक्षरात लिहून धरतो. पाया पडू नकोस. लांब राहा.

दार. आली. डोळे भरलेत. वाचत नाही — वहीकडे बघतच नाही — माझा राग गेला नाही असं वाटतं तिला. वाकते आहे

पाय तिच्याकडे वळले. मी नाही वळवले

वाकली. हात लावला. कपाळ टेकलं

वर येत नाही. पोरगी वर येत नाही. पायाच्या बोटांनी तिला धरलंय. हात धरून ओढतो — हलत नाही — हुंदका थांबला — पट्टी दातांत — बोलणार नाही — लिहिलेलं चालेल, लिहिलेलं बोलणं नव्हे, वही तिच्या डोळ्यांसमोर

पोरी, ऊ