केबिनमधली अकरा भुतं

३ मार्च, सोमवार

चार मिनिटं! त्यापुढे बसवलंच नाही.

काल चर्चमध्ये पाळकबाई म्हणाल्या, रोज दहा मिनिटं देवापुढे नुसतं बसा. मागायचं नाही, आभारही मानायचे नाहीत, फक्त ऐकायचं. घरी ते जमणं शक्य नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातल्या कानतपासणीच्या केबिनमध्ये शिरले आणि जाड दार ओढून घेतलं. अठरा वर्षं या केबिनबाहेर मशीनपाशी बसून लोकांचे कान तपासते आहे, पण आत एकटी कधी बसले नव्हते. आत आवाज मरतो. आधी स्वतःचं गिळणं ऐकू येतं, मग कानातलं रक्त. मग वाटायला लागतं की समोर कुणीतरी बोलता बोलता थांबलंय, आणि आपलं लक्ष कधी जातंय याची वाट बघतंय.

उठलेच.

४ मार्च, मंगळवार

सहा मिनिटं. बाजाराची यादी तयार झाली. देव बोलला असेल तर साबण आणि डाळीच्या मध्ये.

६ मार्च, गुरुवार

नणंद आली, फॉर्म घेऊन. बाबांसाठी शुश्रूषागृहात जागा आहे म्हणे.

आठ महिने झाले सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन. चाळीस वर्षं पाळक होते. त्यांचं प्रवचन सुरू झालं की मागच्या बाकावरचे घड्याळं काढून ठेवायचे. आता शब्द नाही. उजवा हात जरा हलतो, तोही कशासाठी ते कळत नाही. विचारलं तर नजर भलतीकडे, कपाटाच्या बाजूच्या मोकळ्या कोपऱ्यात.

जागा आहे ती शेवटच्या वॉर्डात. तिथे कशालाच प्रतिसाद न देणारी माणसं ठेवतात. वेळेवर कूस बदलतात, वेळेवर भरवतात, बोलत मात्र कुणी नाही. फॉर्म पंधरा तारखेच्या आत द्यायचा. त्यात एक रकाना आहे – ‘आवाजाला प्रतिसाद: आहे / नाही’. खाली कान तपासणाऱ्याची सही. म्हणजे माझी.

ताई हे सगळं बाबांच्या उशाशी उभ्या राहून बोलल्या. त्यांना काय कळतंय म्हणे, भिंतीशी बोलल्यासारखं. हे म्हणाले, भिंतीला निदान औषधं द्यावी लागत नाहीत. हसलो आम्ही. मीही.

८ मार्च, शनिवार

बाबांना केबिनमध्ये नेलं. कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, दाबलं की माझ्याकडे दिवा लागतो. अकरा आवाज दिले, पुढचे तर दारातूनही ऐकू जावेत इतके मोठे. दिवा एकदाही लागला नाही.

पेन उघडलं. ‘नाही’वर खूण करणार, तोच दिवा लागला.

मी काहीच वाजवलं नव्हतं. आवाज नसताना बटण दाबलं गेलं की आम्ही त्याला भूत म्हणतो. ‘आज किती भुतं?’ – चहाच्या वेळची आमची थट्टा. घाबरलेली माणसं अंदाजाने दाबतात, तसं असेल. पण काचेतून बाबांचा चेहरा अगदी शांत दिसत होता. दिवा पुन्हा लागला. मग पुन्हा. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. एकूण अकरा भुतं.

खूण केली नाही. का, ते सांगता येत नाही.

९ मार्च, रविवार

चर्चमध्ये आज सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं शांत बसायचं होतं. आठव्या मिनिटाला लोक खोकायला लागले. कुणाला खोकला नव्हता.

१० मार्च, सोमवार

सुट्टीत केबिनमध्ये बसले. दहा मिनिटं झाली तरी उठवेना. आज ते थांबलेलं कुणीतरी फार जवळ होतं.

बाहेर येऊन शनिवारची पट्टी काढली. मशीन प्रत्येक आवाजाची आणि प्रत्येक बटणाची वेळ छापतं. आवाज आम्ही मुद्दाम सारख्या अंतराने देत नाही, नाहीतर माणूस ठोक्यावर दाबत सुटतो. माझ्या आवाजांतली अंतरं होती – सात सेकंद, चार, अकरा, पाच, पाच, नऊ...

भुतांमधली अंतरं – सात, चार, अकरा, पाच, पाच, नऊ...

शेवटपर्यंत तीच. प्रत्येक भूत आपल्या आवाजानंतर बरोबर दोन मिनिटांनी. डॉक्टरीणबाईंना पट्टी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला परत दिली. म्हणाल्या, असं होत नाही.

११ मार्च, मंगळवार

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पट्टीवरचे आकडे बोटाने जुळवून पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे ते भिंतीचं...”

“हो. ऐकलंय.”

आठ महिन्यांत त्या खाटेपाशी आम्ही काय काय बोललो ते दोघं आठवत बसलो. एकमेकांना सांगितलं नाही.

१२ मार्च, बुधवार

बाबांना विचारलं, पाणी हवंय का? आणि थांबलो. दोन मिनिटं माणसाला सोसत नाहीत हे आज कळलं. मी पंख्याची पाती मोजली. ताई पस्तिसाव्या सेकंदाला म्हणाल्या, “अगं, मी काय म्हणते...” ह्यांनी हात जोडले तेव्हा गप्प झाल्या.

दोन मिनिटांनी बाबांचा हात उठला. पाणी दिलं. प्यायले.

आठ महिने आम्ही विचारत होतो, आणि उत्तर यायच्या आत पुढचं विचारत होतो. प्रत्येक वेळी त्यांचं वाक्य आम्हीच तोडलं.

मग कुणी काही विचारलेलं नसताना हात पुन्हा उठला. नजर कोपऱ्यात. तिथे काही नाही. मी जाऊन पाहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

रकान्यात ‘आहे’वर खूण केली, सही केली. या फॉर्मवर तो वॉर्ड मिळणार नाही. ताई रडल्या – त्यांच्या कंबरेला उचलणं झेपत नाही, माझी नोकरी, ह्यांच्या कामाच्या पाळ्या, सगळं खरं आहे. मी म्हटलं, मग दुसरा वॉर्ड शोधू, पण बाबांनाच विचारू. ताई म्हणाल्या, “आणि ते काहीच बोलले नाहीत तर?”

तर थांबू.

१५ मार्च, शनिवार

सकाळी विचारलं. बाबा, इथे राहायचं की तिथे जायचं? दोन मिनिटं गेली. चार. सहा. कुणी खोकलं नाही. बाबा कोपऱ्याकडे बघत होते, कुणाचं तरी नीट ऐकून घेत असल्यासारखे. शेवटी ताईंना राहवेना, त्यांनी तोंड उघडलं.

बाबांचा हात वर झाला. आठ महिन्यांनी पहिल्यांदा आवाज ऐकला त्यांचा.

“थांब पोरी. त्याचं अजून बोलून व्हायचंय.”