कान्हू गवारीच्या नावे आवाजाचे यंत्र

मी, भिमाजी राघू ओव्हाळ, वय एकसष्ट, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे व वायरिंग, राहणार वलवण, लोणावळा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, असे डॉक्टर म्हणतात, म्हणून आजच लिहितो.

१. वलवणचे दोन खोल्यांचे घर आणि पोस्टातले पुस्तक पत्नी शकुबाई हिचे. तीस वर्षे तिने रोज सकाळी माइकवरचे माझे ‘हॅलो, हॅलो’ ऐकले आणि एकदाही उत्तर दिले नाही. घर तिने कमावलेले आहे.

२. मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि पकडी मुलगी नंदाबाई हिला. जावयाच्या हाती लागू देऊ नयेत. तो पकडीने खिळे ठोकतो.

३. बांबूची शिडी शेजारी नथू केदारी याला. नऊ वर्षे ती त्याच्याकडेच आहे. परत मागण्याचा माझा त्रास तरी संपेल.

४. आता मुद्द्याची चीज. १९७० साली एका बंगल्यात पंखे दुरुस्त करताना रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडले. त्यात नुसत्या विजेतून आवाज घडवणाऱ्या यंत्राचे नकाशे होते. एक खण आवाज काढतो, दुसरा तो तासतो, तिसरा तो कधी उठावा आणि कधी विझावा हे ठरवतो. खण एकमेकांना तारांनी हवे तसे जोडायचे. मला जेवण सुचेना. माझा भागीदार कान्हू बहिरू गवारी, राहणार कुरवंडे, याचा कान असा की फाटका कर्णा कुठला ते तो रस्त्यावरूनच सांगे. नकाशा पाहून त्याने एकच विचारले, “भाऊ, नागफणीच्या कड्याखालच्या घळीतनं वारा वर येतो, तसा आवाज निघंल का यातनं?” मलाही तेव्हापासून तेच पाहायचे होते.

५. या यंत्राला दोन बाजूंची वीज लागते. कर्ण्याचा पडदा पुढे जातो तसा मागेही येतो. म्हणून मध्ये शून्य, एकीकडे अधिक पंधरा व्होल्ट, दुसरीकडे उणे पंधरा. मासिकात हे स्वच्छ लिहिले होते. पण आम्ही गावोगाव गाडीच्या बॅटरीवर कर्णे लावलेली माणसे. आमच्याकडच्या गाडीत उणे म्हणजे पत्रा. उण्याची तार दिसली की हात आपोआप पत्र्याकडे जातो. मी शून्याची तार वीजपेटीच्या पत्र्याला आवळली आणि सवयीने उण्याचीही. दोन्ही एकमेकींना भिडल्या. ट्रान्सफॉर्मर धुमसून जळाला.

तो कान्हूने पुण्याच्या जुन्या बाजारातून निवडून आणला होता. मी चार माणसांत बोललो की खराब माल याने जाणूनबुजून माझ्या गळ्यात मारला. तो म्हणाला, “भाऊ, मी तपासून आणलाय. तुमी एकदा तुमच्या तारा बघा.” मी बघितल्या नाहीत. फ्यूजच्या जागी न वितळणारी जाड तार मीच घातली होती, हेही मला ठाऊक होते आणि मी गप्प राहिलो. तो गेला, तो सहा वर्षे या ओट्यावर चढला नाही.

या जुलैत मी स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर जोडला आणि तोही तापू लागला. या वेळी दोष द्यायला कान्हू नव्हता, म्हणून मीटर हाती घेतला. उण्याची तार पत्र्यापासून सोडवली. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा व्होल्ट मिळाले. पहिला आवाज ऐकून शकुबाई म्हणाली, “रेडकू वरडतंय का काय?” पुढे आठवडाभर तासल्यावर घळीतला वारा आला. निदान मला तसे वाटते. माझा कान तेवढा नाही. खात्री कान्हूच देऊ शकतो.

६. सबब हे यंत्र, वीजपेटी आणि मासिकासह, कान्हू बहिरू गवारी याला द्यावे. माल चांगला होता, चूक माझी होती. चार माणसांत बोललो, म्हणून हे कलम चार माणसांत वाचावे. त्याने नको म्हटले तर जबरदस्ती नाही. तोवर मी नसेन, तरी मला वाईट वाटेल.

७. पेटी उघडणाऱ्याने फ्यूजमध्ये फ्यूजचीच तार घालावी.

८. (दुसऱ्या शाईत, त्याच दिवशी.) साक्षीदार हवा, असे निमित्त करून मी कान्हूला निरोप धाडला होता. तो आला. शकुबाई, नथू आणि आळीतला गोविंदा माळी यांच्या देखत श्रीपती गुरुजींनी सहावे कलम मोठ्याने वाचले. मी कान्हूपुढे पेन केले. त्याने गुरुजींना विचारले, “सही करनाऱ्याला यातलं काय मिळतं का?”

“नाही. साक्षीदाराने काही घेऊ नये, असं वकील सांगतात.”

कान्हूने पेन नथूच्या हातात दिले. “मग मी न्हाई करत सही. भाऊ, चालू करा. वारा बघू कुटनं येतोय.”

सबब नथू साक्षीदार झाल्याने कलम ३ रद्द समजावे. शिडी त्याने परत आणावी. या कागदावर कान्हूची सही नाही. ती नसल्याने मला फार बरे वाटते.

लिहून ठेवणार: भिमाजी राघू ओव्हाळ (सही)

साक्षीदार:
१. श्रीपती गुरुजी, भुशी (सही)
२. नथू केदारी, वलवण (सही, नाराजीने)

ठिकाण: वलवण, लोणावळा
दिनांक: ११ डिसेंबर १९७७